मुलींच्या शाळेंतील बक्षीस-समारंभ

थंडीचे दिवस सरत आले कीं मुलींच्या शाळांतून वार्षिक समारंभाची गडबड सुरू होते. पटांगणांत मांडव पडतो, दाराला आंब्याच्या पानांचें तोरण लागतें, व्यासपीठावरील मेजावर रंगीत फितींनीं बांधलेले पुस्तकांचे गठ्ठे रचले जातात. स्वागतगीत, अहवाल, पाहुण्यांचें भाषण, बक्षिसें, आणि मग ज्यासाठीं मुली अधीर झालेल्या असतात तो करमणुकीचा कार्यक्रम. या सर्वांत अहवाल-वाचन कोणालाहि फारसें आवडत नाहीं. पटावरील संख्या, हजेरीचें प्रमाण, परीक्षांचे निकाल, मिळालेल्या देणग्या यांची ती लांबण संपेपर्यंत मागच्या ओळींतील आयांच्या मांडीवरचीं मुलें रडूं लागतात. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें पाहिलें तर समारंभाचा सर्वांत जुना भाग तोच. गाणें आणि नाटक हीं मागून आलीं. आरंभीं हा दिवस उत्सवाचा नव्हताच. तो साक्षीचा दिवस होता. मुलीला शिकवितां येतें आणि शिकल्यानें तिचें कांहीं वाकडें होत नाहीं, एवढें चार लोकांसमक्ष दाखवून देण्यासाठीं तो भरविला जात असे.

पुण्यांत शनिवार, १२ फेब्रुवारी १८५३ रोजीं जोतीराव फुले व त्यांचे सहकारी यांनीं चालविलेल्या मुलींच्या शाळांची वार्षिक परीक्षा झाली. परीक्षेस २३७ मुली बसल्या होत्या आणि ती पाहावयास तीन हजारांवर लोक जमले होते. म्हणजे एकेका मुलीमागें बारा-तेरा प्रेक्षक! पेशवाई बुडून त्या वेळीं अवघीं पस्तीस वर्षें झालीं होतीं. मुलीच्या हातीं पुस्तक दिलें तर ती विधवा होते, अशी समजूत चांगल्या शहाण्यासुरत्या घरांतून होती. लिहितां येऊं लागलें कीं ती परपुरुषाला पत्रें लिहील, हें भय तर शहाण्यांनाच अधिक वाटे. तेव्हां या तीन हजारांत हितचिंतक होते तसे केवळ कुतूहलानें आलेलेहि होते. आणि मुली अडखळतात कशा हें डोळ्यांनीं पाहावें, अशा इच्छेनें आलेले कोणीच नव्हते असें मानणें भोळेपणाचें होईल.

अशा जाहीर परीक्षेची त्या काळची रीत आज कोणाला कठोरहि वाटेल. मुलींच्या रांगा समोर बसवीत. परीक्षक एखादीला उभी करून पुस्तक कोठेंहि उघडून तिच्या हातीं देत आणि वाचावयास सांगत. पाठ केलेला धडा म्हणून दाखविण्याची लबाडी होऊं नये म्हणून हा बंदोबस्त. मग वाचलेल्याचा अर्थ, व्याकरणाचे प्रश्न, पाटीवर हिशेब, आणि भिंतीवर टांगलेल्या नकाशावर देश व नद्या दाखविणें. सदाशिव काशिनाथ छत्रे यांची ‘इसापनीति’ आणि ‘बाळमित्र’ हीं त्या पिढीच्या मराठी शाळांतून चालणारीं पुस्तकें. बेडूक आणि बैल यांची गोष्ट आठ वर्षांची पोर खणखणीत वाचते आहे, आणि ज्यांच्या स्वतःच्या घरांतील कोणाहि बाईला अक्षरओळख नाहीं असे पागोटेवाले गृहस्थ मान हलवून ऐकत आहेत, असा तो प्रसंग होता.

या परीक्षेमागें पांच वर्षांची खटपट होती. जोतीरावांनीं पहिली शाळा १८४८ सालीं बुधवार पेठेंतील भिडे यांच्या वाड्यांत काढली. ती फार दिवस टिकली नाहीं. शिकविण्याचें हें काम सोडा, नाहींतर घर सोडा, असा पेंच वडिलांनीं घातला तेव्हां जोतीराव व सावित्रीबाई यांनीं घर सोडलें. ३ जुलै १८५१ रोजीं बुधवार पेठेंतच अण्णासाहेब चिपळूणकर यांच्या वाड्यांत पुन्हां शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशीं ८ मुली आल्या. थोड्याच दिवसांत त्यांच्या ४८ झाल्या. त्याच वर्षीं सप्टेंबरांत रास्ता पेठेंत आणि १८५२ च्या मार्चांत वेताळ पेठेंत आणखी दोन शाळा निघाल्या. या व्यवस्थेंत सदाशिव गोवंडे, सखाराम परांजपे, मोरो विठ्ठल वाळवेकर हे ब्राह्मण मित्र जोतीरावांच्या बरोबरीनें राबत होते, ही गोष्ट पुढील काळांतील वादांच्या धुरळ्यांत पुष्कळदां विसरली गेली.

पहिली जाहीर परीक्षा १७ फेब्रुवारी १८५२ ची. तिचा बोलबाला इतका झाला कीं ‘पूना ऑब्झर्व्हर’ पत्रानें मे महिन्यांत या शाळांतील अध्यापन सरकारी शाळांतील मुलग्यांच्या अध्यापनापेक्षां सरस असल्याचें छापलें. वर्तमानपत्री कौतुकांत अतिशयोक्ति असावयाचीच. पण अशी तुलना कोणाला सुचावी, हीच मोठी नवलाची गोष्ट. त्या वर्षीं १६ नोव्हेंबरला विश्रामबागवाड्यांत सरकारतर्फे जोतीरावांना शालजोडी अर्पण करण्यांत आली. अध्यक्षस्थानीं मराठी कोशाच्या कामानें प्रसिद्ध झालेले मेजर कँडी होते. शाळांना दक्षिणा फंडांतून द्रव्यसाहाय्यहि मिळूं लागलें. पेशव्यांच्या वेळीं वेदशास्त्रसंपन्न ब्राह्मणांना वांटण्याकरितां जो पैसा काढून ठेवीत, त्याचाच एक ओघ आतां माळ्या-मराठ्यांच्या व ब्राह्मणांच्या मुलींच्या पाटी-पुस्तकांकडे वळला. तीन हजार माणसें परीक्षेला कां जमलीं, याचें थोडें उत्तर या घटनेंतहि सांपडतें.

शालजोडी जोतीरावांना मिळाली. पण चिपळूणकरांच्या वाड्यांतील शाळेची मुख्य अध्यापिका सावित्रीबाई होत्या. १८५३ च्या त्या फेब्रुवारींत त्यांचें वय बावीस वर्षांचें. लग्न झालें तेव्हां त्यांना अक्षर येत नव्हतें. शिक्षण सारें त्यानंतरचें. शाळेच्या वाटेवर अंगावर चिखल-शेण पडावयाचें म्हणून त्या एक लुगडें जास्तीचें बरोबर नेत, ही आठवण त्यांच्या भोंवतालच्या माणसांनीं सांगून ठेवली आहे. मुली उभ्या राहून उत्तरें देत होत्या, पण त्या दिवशीं खरी परीक्षा त्यांच्या शिक्षिकेची होती. एक मुलगी अडखळली असती तर लोकांनीं मुलीला दोष दिला नसता. बाईमाणसाला शिकविणें जमावयाचें नाहींच, असें म्हणून ते घरीं गेले असते.

जाहीर परीक्षेची ही प्रथा फुल्यांनीं नव्यानें काढली असें नव्हे. मुंबईस अमेरिकन मिशनऱ्यांनीं १८२४ सालीं मुलींची शाळा काढली होती. १८२७ सालीं आलेल्या सिंथिया फॅरार यांनीं आधीं मुंबईस व मग अहमदनगरास आपलें सारें आयुष्य या कामांत घालविलें. नगरची त्यांची शाळा पाहूनच आपल्या मनांत मुलींच्या शाळेची कल्पना दृढ झाली, असें जोतीरावांनीं स्वतः सांगितलें आहे. मिशनच्या शाळांत प्रारंभीं येणाऱ्या मुली बहुधा गरिबांच्या. घरीं लहान भावंड सांभाळणारी, गोवऱ्या थापणारी मुलगी चार तास शाळेंत बसवावयाची तर आईबापांना कांहीं तरी द्यावें लागे. म्हणून कापड द्यावयाचें, कधीं हजेरीबद्दल पैसा-दोन पैसे द्यावयाचे. बक्षीस या गोष्टीचें मूळ असें आहे. तें गुणांचें कौतुक नव्हतें. मुलगी शाळेंत येते म्हणून तिच्या घराचें जें नुकसान होई त्याची ती भरपाई होती. पहिली, दुसरी, तिसरी असे क्रमांक लावून पुस्तकें देण्याची पद्धत मागाहूनची.

मुंबईंत दुसराच प्रकार घडला. एल्फिन्स्टन कॉलेजच्या विद्यार्थ्यांनीं प्रोफेसर पॅटन यांच्या प्रोत्साहनानें १८४८ सालीं एक साहित्य व शास्त्रविषयक सभा स्थापिली होती. ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ या नांवानें ती प्रसिद्ध आहे. या मंडळींनीं १८४९ सालीं मुलींच्या शाळा काढल्या. आरंभीं ४४ पारशी व २४ हिंदु मुली मिळाल्या. शिक्षक कोण, तर हे विद्यार्थीच; सकाळीं ७ ते १० पर्यंत, एक पैहि न घेतां. त्यांतील एक तरुण दादाभाई नौरोजी. मुली मिळविण्यासाठीं हे तरुण घरोघर फिरत. कोणी प्रेमानें बसवून घेत, तर कोणी जिन्यावरून खालीं लोटून देण्याची धमकी देत, असें दादाभाईंनीं वार्धक्यांत हंसत हंसत लिहिलें. पुढें जगन्नाथ शंकरशेट यांच्यासारखे धनिक या शाळांच्या पाठीशीं उभे राहिले. येथील समारंभाला आलेल्या शेटसावकारांपुढें साक्ष द्यावयाची ती निराळीच: आपला पैसा पाण्यांत गेला नाहीं, याची. वार्षिक अहवालांतील देणगीदारांच्या लांबलचक यादीचा उगम शोधावयाचा तर तो येथें सांपडतो.

मग परीक्षा समारंभांतून गेली कशी? ती लोकांनीं काढून टाकली नाहीं. सरकारनें उचलून नेली. १८५४ च्या वुडसाहेबांच्या खलित्यानें स्त्रीशिक्षणास सरकारी पाठिंबा स्पष्ट शब्दांत दिला आणि पाठोपाठ शिक्षणखातें निर्माण झालें. खासगी शाळांना अनुदान द्यावयाचें तर तें परीक्षेच्या निकालावर मोजून द्यावयाचें, असे नियम मुंबई इलाख्यांत पुढें झाले. आतां मुलींना प्रश्न विचारणारे तीन हजार नगरवासी राहिले नाहींत. एकटे इन्स्पेक्टर आले. त्यांच्या वहींतील आंकड्यांवर शाळेचें पोट अवलंबून राहूं लागलें. ‘इन्स्पेक्टर येणार’ या दोन शब्दांनीं शाळाशाळांतून जो थरकांप उडे त्याच्यापुढें जुनी जाहीर परीक्षा बरी म्हणावयाची! १८८२ च्या हंटर कमिशननें मुलींच्या शाळांना अनुदानाचे नियम मुलग्यांच्या शाळांहून सौम्य असावेत अशी शिफारस केली, ती उगीच नव्हे. परीक्षा अशी कचेरीच्या स्वाधीन झाल्यावर वार्षिक दिवसाकडे उरलें काय, तर अहवाल व बक्षिसें. रिकाम्या पडलेल्या त्या वेळांतच हळूहळू पद्यपठण, संवाद, गाणें यांनीं पाय ठेवला असावा.

व्यासपीठावर बोलावयाचें कोणीं, हा प्रश्न मात्र कचेरी सोडवूं शकत नव्हती. १८८४ सालीं पुण्यांत न्यायमूर्ति रानडे, डॉ. भांडारकर, शंकर पांडुरंग पंडित, वामन आबाजी मोडक प्रभृति मंडळींनीं मुलींच्या हायस्कुलाचा प्रयत्न चालविला. त्या प्रसंगीं गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्यापुढें इंग्रजींतून लेख वाचण्याचें काम रमाबाई रानडे यांच्याकडे आलें. रमाबाईंचें लग्न १८७३ सालीं अकराव्या वर्षीं झालेलें. अक्षरें गिरविण्यापासून सारें पतीनें शिकविलेलें. सभेंत टाळ्या पडल्या. घरीं आल्यावर वडीलधाऱ्या बायकांनीं जें ऐकविलें तें निराळें होतें. पुरुषांच्या सभेंत उभें राहून इंग्रजी वाचणें ही त्यांना घराण्याची अब्रू गेल्यासारखी वाटली. १९१० सालीं प्रसिद्ध झालेल्या ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ या पुस्तकांत रमाबाईंनीं तो सासुरवास कोणावरहि राग न धरतां लिहून ठेवला आहे. व्यासपीठावरचीं दहा मिनिटें आणि स्वयंपाकघरांतले दहा महिने यांचा हिशेब असा असे.

२९ सप्टेंबर १८८४ रोजीं हें हायस्कूल सुरू झालें. जागा पेशव्यांच्या खाशा घोड्यांच्या पागेची, म्हणून लोकांनीं त्याला ‘हुजूरपागा’ म्हटलें, आणि तेंच नांव टिकलें. लौकरच शाळेच्या अभ्यासक्रमावर आणि अकरा ते पांच या वेळेवर ‘केसरी’ व ‘मराठा’ पत्रांतून झोड उठली. इतका वेळ मुली शाळेंत बसल्या तर घरकाम केव्हां शिकणार, सकाळीं अगर संध्याकाळीं तीन तास पुरेत, असें टिळकांचें म्हणणें होतें. आगरकरांचें मत अगदीं उलट. १८८८ सालीं निघालेल्या ‘सुधारका’मधून त्यांनीं मुलगे-मुली यांना एकच शिक्षण, तेंहि एकत्र द्यावें, येथवर मजल नेली. टिळकांना स्त्रीशिक्षणाचे सरसकट वैरी म्हणून रंगविणें जितकें सोपें तितकें खरें नाहीं. पण त्यांचे तीन तास मान्य झाले असते तर मॅट्रिकच्या परीक्षेला पुण्याहून मुली बसल्या असत्या कीं नाहीं याची शंकाच आहे. शाळा मात्र अकरा ते पांच भरतच राहिली.

त्या काळच्या कोणत्याहि बक्षीस-समारंभांत एक गोष्ट डोळ्यांत भरण्यासारखी असे. खालच्या इयत्तांचीं बक्षिसें वांटतांना रांग संपतां संपत नसे. वरच्या इयत्तांची पाळी आली कीं दोन-चार नांवांत कार्यक्रम आटोपे. मुली नापास होत म्हणून नव्हे. त्यांचीं लग्नें होत म्हणून. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्यानें वयाची मर्यादा दहावरून बारावर नेली, तेवढ्यावरून देशभर केवढें रण माजलें! १९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीच्या लग्नाचें वय चौदा ठरविलें. कायदा पुष्कळ ठिकाणीं कागदावरच राहिला. तथापि शहरांतील सुशिक्षित घरांतून लग्नाचें वय वाढत गेलें, तसतशी बक्षिसांची ती दुसरी रांगहि लांबूं लागली.

आणि बक्षीस घेतांना मुलीचें नांव मोठ्यानें पुकारलें जाई. आज यांत विशेष वाटणार नाहीं. पण ज्या समाजांत बाईचें नांव चारचौघांत घेत नसत, लग्नांत माहेरचें नांवहि पुसून नवें ठेवीत, तेथें अनोळखी पुरुषांनीं भरलेल्या सभेंत स्वतःचें व वडिलांचें नांव ऐकून उठणें आणि सर्वांच्या देखत चालत जाऊन परत येणें, ही दहा-बारा पावलें सोपीं नव्हतीं. विधवा विद्यार्थिनींची कथा तर याहून निराळी. धोंडो केशव कर्वे यांनीं १८९६ सालीं अनाथ बालिकाश्रम स्थापिला आणि १९०० सालीं तो पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडींत नेला. गांवांतील घरांत हळदीकुंकू, बारसें, लग्नमुंज यांपैकीं कोणत्याहि मंगलप्रसंगीं या मुलींना पुढें येण्याची चोरी. घरांत समारंभ म्हटला कीं यांनीं आंतल्या खोलींत बसावयाचें. त्यांच्यासाठीं भरलेला, त्यांच्याच नांवांनीं चाललेला समारंभ त्यांना शाळेंतच मिळाला. या शाळेंतून १९१६ सालीं महिला विद्यापीठ उभें राहिलें, १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं त्याला १५ लाखांची देणगी दिली, आणि १९२१ सालीं त्याच्या पहिल्या पांच पदवीधर बाहेर पडल्या. अनाथ बालिकाश्रमाच्या अहवालांतील चार आणे, आठ आणे अशा देणग्यांच्या याद्या ज्यांनीं चाळल्या आहेत, त्यांना या १५ लाखांचें मोल अधिक कळेल.

करमणुकीच्या कार्यक्रमाला सर्वांत मोठी अडचण गाण्याची. श्लोक, आर्या, ओव्या म्हणावयास हरकत नसे. परंतु पेटी-तबल्यावर गाणें हा कुलीन मुलीचा धंदा नव्हे, असें लोक मानीत. ही अडचण शाळांपेक्षां गवयांनीं अधिक दूर केली. विष्णु दिगंबर पलुसकरांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढलें व १९०८ सालीं तें मुंबईस आणलें. भजनें व निवडक पदें यांच्याद्वारां संगीत मध्यम वर्गाच्या दिवाणखान्यांत नेलें. मग शाळेच्या स्वागतगीतालाहि पेटीची साथ चालूं लागली.

नाटकाची गंमत अशी कीं, धंदेवाईक रंगभूमीवर बालगंधर्वांच्या शालूची आणि नथीची चर्चा घरोघर चालली असतां, मुलींच्या शाळांतून याच्या नेमकें उलट चित्र दिसे. तेथें मुलग्यांना मज्जाव. तेव्हां शिवाजीमहाराज, दशरथ, विश्वामित्र हीं सोंगें मुलींनींच घ्यावयाचीं. काजळानें मिशा काढलेला, भावाचा कोट आणि वडिलांचें पागोटें घातलेला राजा ऐन दरबारांत खुदकन हंसला कीं सगळा मांडव हंसे. चांगल्या घरच्या स्त्रिया पुरुषांबरोबर रंगभूमीवर येऊं लागल्या तें १९३३ सालीं. ‘नाट्यमन्वंतर’ संस्थेच्या ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकांत ज्योत्स्ना भोळे व पद्मावती वर्तक यांनीं कामें केलीं तेव्हां ती मोठी घटना मानली गेली. पण शाळेच्या मांडवांत मुलींनीं बोलण्याचालण्याचा धीटपणा त्याआधींच कमावला होता, आणि तेथें तो कोणाच्या डोळ्यावर येत नव्हता, कारण समोर बसलेल्या बहुतेक आयाच होत्या. इन्स्पेक्टरसाहेब असलेच तर पहिल्या रांगेंतल्या खुर्चीवर घड्याळाकडे पाहत.

चिपळूणकरांच्या वाड्यांतील शाळेच्या आधींची, १८४८ सालची शाळा ज्या भिडे वाड्यांत भरली, तो वाडा जीर्ण होऊन, दीर्घ काळ चाललेल्या वादानंतर, राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठीं २०२३ च्या डिसेंबरांत पाडण्यांत आला. विश्रामबागवाडा उभा आहे. हुजूरपागेंत शाळा चालू आहे, आणि तेथें घोडे बांधले जात होते हें मुलींना नांवावरूनच तेवढें ठाऊक असतें.